रुवीतला काउंटर कोणी केला

दत्ताराम,

तुझं विमान गेलं त्याला आज अठरा दिवस झाले. मी अजून झोप भरून काढतोय. झोप होते, थकवा मात्र जात नाही. सकाळी अल खौदहून मस्कतकडे निघालो की गाडी न वळता सरळ रुवीपर्यंत जाऊ द्यावी असं रोज वाटतं, आणि रोज मी ऑफिसच्या फाट्याला वळतो. रुवीत आता माझं एकच काम राहिलंय. हॉटेलच्या याकूबला आपल्या पबच्या इतिहासाचा मजकूर द्यायचाय. उद्या छापखान्यात जाणार आहे. सगळा केव्हाच लिहून झाला होता, एक ओळ सोडून. ती कुठली, ते तुला सांगायला नको. आपलं शेवटचं बोलणं त्याच ओळीवरून झालं.

दारावर इंग्रजी पाटी होती, पण आपल्यातलं कोणी ते नाव घेत नसे. हॉटेलच्या बाजूच्या गल्लीतून सात पायऱ्या उतरायच्या, म्हणून ‘खालती’. ‘आज खालती येतंस काय?’ एवढाच तुझा निरोप असायचा. बावीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्या पायऱ्या उतरलो तो पुस्तक घेऊन. काउंटरच्या टोकाला दिव्याखाली बसलो, एक बियर मागवली आणि वाचत राहिलो. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तू ग्लास ठेवताना विचारलंस, “मास्तर, परीक्षा आसा काय?”

मी मास्तर नव्हतो आणि नाही. कंपनीत येणारा-जाणारा प्रत्येक नकाशा, प्रत्येक पत्र, त्यांचे क्रमांक आणि कितवी सुधारणा हे सांभाळणं माझं काम. पण तू मास्तर म्हणालास आणि बावीस वर्षं मी खालती मास्तरच राहिलो. आपण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायला मला सात-आठ वर्षं लागली. तुला एक दिवसही लागला नाही.

इतिहास लिहायची कल्पना याकूबची. पहिल्या अर्बाबचा, म्हणजे हॉटेलच्या पहिल्या मालकाचा, हा नातू. हॉटेल त्याच्या हातात आल्यावर त्याने ठरवलं की पब बंद करून तिथे न्याहारीची खोली करायची. तो हे सांगायला आला तेव्हा तुझ्यासमोर शाळेतल्या मुलासारखा उभा होता. लहानपणी तू त्याला याच काउंटरवर बसवून सोडा पाजला होतास. “चाचा, पुराने कस्टमर लोगों को एक छोटी किताब देंगे. आप बताओ, सर लिखेंगे.” तू म्हणालास, “खलास करता है और ऊपर से किताब निकालता है?” तो हसला, तूही हसलास. मग तू पुसलेलेच ग्लास पुन्हा पुसायला घेतलेस.

तेव्हा मी कामासाठी दुक्मला होतो, दर पंधरवड्याला घरी यायचो. चारी बाजूंना रेती, कंटेनरची खोली, संध्याकाळी करायला काही नाही. तू मला आवाजात निरोप पाठवायला लागलास. लिहायचा तुला कंटाळा होता. एकेक निरोप दहा-दहा मिनिटांचा, मागे फ्रीजची घरघर. मी ते टाइप करून त्यांना क्रमांक द्यायचो. पहिल्या वर्षांतले ते लालबुंद रस्तेवाले इंजिनिअर, जे बुटांसकट खुर्चीवर उभे राहून गायचे. मग बँकवाले, आपले लोक. मोठ्या वादळात पाणी पायऱ्यांवरून आत आलं आणि काउंटर तीन दिवस गुडघाभर पाण्यात उभा राहिला, तरी फुगला नाही. सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली तेव्हा तुझा सगळा आठवडाच एक दिवस सरकला, आणि महिनाभर तू बुधवारी जास्तीचे ग्लास काढून ठेवत होतास. हे कुठल्या फायलीत सापडलं असतं? मी तुला तेव्हाही म्हणालो होतो की हे सोनं आहे. तू म्हणालास, “सोना नाय रे, भंगार. पण लिव.”

काउंटरची गोष्ट सतराव्या निरोपात आली.

तू तिसरीत असताना तुझे वडील सुतारकामाला मस्कतला आले होते. पाच वर्षं राहिले. परत गेल्यावर त्यांनी घरी सांगितलं होतं की एका हॉटेलच्या पोटात आपण उंच टेबल केलं, तिथे माणसं उभ्याने पितात. घरातली सगळी हसली होती. उभ्याने कोण पितं? पुढे कित्येक वर्षांनी तू नोकरीला इथे आलास, पहिल्या दिवशी काउंटरच्या मागे उभा राहिलास, आणि कोपर टेकवल्यावर तुला कळलं, हेच ते उंच टेबल. तेव्हा वडील हयात नव्हते. विचारायला कोणी नव्हतं.

मला तो निरोप आवडला होता. पण माझ्याकडे एक जुनं छापील मेनूकार्ड होतं, पहिल्या इंग्रज मॅनेजरच्या काळातलं. त्यावर लिहिलं होतं की हा काउंटर इंग्लंडमधल्या एका बंदरावरच्या जुन्या पबमधून जहाजाने आणला. छापील होतं. मी ते मजकुरात घेतलं. तुझ्या वडिलांचा उल्लेख केला तो समासात, आणि त्याच्यापुढे लिहिलं: पडताळणी बाकी.

ऑफिसात हे दोन शब्द मी दिवसातून वीस वेळा लिहितो. त्यात कुणाचा अपमान नसतो. पाइपची जाडी, खांबाची उंची, सगळ्यांपुढे ते असतात. ते तुझ्या वडिलांपुढे लिहिताना माझा हात थबकला नाही, हे मी आता कबूल करतो.

यंदाच्या रमजानमधला तो शनिवार. महिनाभर पब बंद, बाटल्या कोठीत कुलपाखाली, खुर्च्या टेबलांवर उलट्या. या महिन्यात तू दरवर्षी काउंटरला जवसाचं तेल लावायचास आणि दुसऱ्या कुणाला फडकं धरू द्यायचा नाहीस. दार आतून बंद असलं तरी पाणी प्यायचं तर मागच्या खोलीत जाऊन. “भायर सगळो गाव उपाशी आसा,” म्हणायचास. दुपारची उन्हाची तिरीप पायऱ्यांवरून आत यायची, आणि तेलाच्या वासात आपण दोघं बसायचो. मला ते खालतीचे सगळ्यांत चांगले दिवस वाटायचे. एक थेंब दारू नाही, गिऱ्हाईक नाही, नुसता पब.

मी छापलेली पानं पुढे ठेवली. तू चष्मा लावून बोट फिरवत वाचलंस. बोट समासावर थांबलं.

“ह्या काय लिवलंस?”

“तपासायचंय म्हणून खूण केली आहे.”

“कोणाक तपासतलंस? तो मेलो.”

“म्हणूनच. काहीतरी कागद हवा ना. ठेकेदाराचं पत्र, एखादा फोटो, पगाराची चिठ्ठी.”

“आणि ह्या इंग्लंडातला? ह्येचो कागद आसा?”

“मेनूकार्ड आहे.”

“मेनूकार्डार आमी ‘ताजी मासळी’ पण लिवतंव,” तू म्हणालास. मला हसू आलं, तुला आलं नाही. “हो साग आसा मास्तर. इंग्लंडात साग खय?”

“ब्रह्मदेशातून जायचा. जहाजं बांधायला.”

“म्हणजे लाकूड ब्रह्मदेशातसून इंग्लंडात गेला, थयसून रुवीत इला. आणि माझो बापूस हयच करवत घेवन उभो होतो, तेका कोणी इचारल्यान नाय!” मग तू माझा हात धरून काउंटरच्या आतल्या बाजूला नेलास. “हात लाव. भायली कड सगळेच गुळगुळीत करतत, थय गिऱ्हाईक बसता. ही आतली बघ. हयसर नोकर उभो रवतलो. तेच्या कोपराची काळजी कोण करता?”

“चांगला सुतार करतो.”

“ताच सांगतंय मी.”

“पण तो चांगला सुतार तुझाच बाप होता, हे कशावरून?”

तू फडकं उचललंस. मग अगदी सावकाश म्हणालास, “तुजो बापूस कोण, ता तरी कागदार बघलंस काय रे, मास्तर?”

थट्टाच होती. तू कुणालाही असं बोलायचास. पण मला लागलं, आणि मी जे बोललो ते बावीस वर्षांत तुझ्याशी कधी बोललो नव्हतो. म्हणालो, हो, बघितलं. माझ्या वडिलांना शाळेत घेतलं ते हातात कागद होता म्हणून. तहसील कचेरीत शिपाई होते, पण घरात एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात प्रत्येक दाखला, प्रत्येक पावती. आमच्याबद्दल लोकांनी शेकडो वर्षं तोंडीच सांगितलं, दत्ताराम. कुठे बसायचं, कुठल्या विहिरीवर जायचं नाही, आमचे बापजादे कोण होते. सगळं तोंडी, आणि सगळं खोटं. त्यामुळे नुसतं कोणी सांगितलं म्हणून मला चालत नाही.

फडकं तुझ्या हातात तसंच राहिलं. “माझो बापूस खोटा बोललो?”

“तसं मी म्हटलं नाही.”

“लिवलंस.”

तू तेलाचा डबा बंद केलास. मग तूच म्हणालास, “मरांदे. मागे चल, चाय करतंय.” मी घड्याळात पाहिलं आणि उशीर झालाय म्हणालो. उशीर झाला नव्हता. सुट्टीचा दिवस होता, घरी कुणी वाट पाहत नव्हतं. मी पानं पिशवीत घातली आणि सात पायऱ्या चढून उन्हात आलो.

मंगळवारी दुपारी तुझ्या फोनवरून फोन आला. तूच असशील असं वाटलं. तुझ्या खोलीतला केरळचा कुक बोलत होता. “सर, दत्ताभाई उठ नहीं रहा है.”

पुढचे चार दिवस मी तुला पेटीतून घरी पाठवायचे कागद केले. या कामात माझा हात धरणारं आपल्या मंडळींत कोणी नाही, हे तुला माहीत होतं. तूच कितीतरी जणांना माझ्याकडे पाठवलं होतंस. इस्पितळ, पोलीस, वकिलात, विमान कंपनी. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. एका खिडकीतल्या तरुण मुलाने फॉर्म भरताना विचारलं, “व्यवसाय?” मी म्हणालो, “हेड बारमन.” त्याने तुझं निवासी कार्ड उलटून पाहिलं, मग माझ्याकडे. “सर, इसमें लाँड्रीमन लिखा है.”

मी म्हणालो, चूक असेल.

“चूक नहीं है सर. हर बार यही रिन्यू हुआ है. जो लिखा है वही डालना पड़ेगा.”

मी ते लिहिलं. माझ्या अक्षरात.

कुकने नंतर सांगितलं. तू आलास तेव्हा हॉटेलकडे लाँड्रीचाच व्हिसा रिकामा होता. बदलू नंतर, इन्शाल्ला, असं कुणीतरी म्हणालं होतं. एकोणतीस वर्षं कार्ड नवं होत राहिलं आणि शब्द तोच राहिला. इथे अशी शेकडो माणसं असतील. क्रेन चालवणारा कागदोपत्री माळी असतो, माळी हमाल असतो. मला हे ठाऊक होतं. तुझ्याबाबतीत ठाऊक नव्हतं.

त्या खिडकीपाशी मला एकच गोष्ट कळेना. शनिवारी मी तुला कागदावर व्याख्यान देत होतो, आणि तुझ्या शर्टाच्या खिशात ते कार्ड होतं. ते काढून माझ्यापुढे टाकलं असतंस तर वाद तिथेच संपला असता. का नाही टाकलंस? मला वाईट वाटू नये म्हणून? की तुला स्वतःलाच लाज वाटत होती? की ते कार्ड तुझ्या लेखी एवढं क्षुल्लक होतं की तुला आठवलंच नाही? मी तीनही उत्तरं आलटून पालटून घेऊन पाहतो. कंटाळतो आणि सोडून देतो.

त्याच फॉर्मवर पूर्ण नाव लिहायचं होतं. पासपोर्टवरून उतरवून घेतलं: दत्ताराम भिकाजी मेस्त्री. खालच्या रकान्यात पुन्हा वडिलांचं नाव: भिकाजी. पुढच्या कचेरीत पुन्हा. चार दिवसांत पाच-सहा वेळा मी ते नाव लिहिलं. तू नेहमी ‘बापूस’ म्हणायचास, मी कधी विचारलंच नव्हतं. ज्या माणसाला मी समासात ठेवलं, त्याचं नाव मला माहीत नव्हतं, दत्ताराम. कागदांच्या माणसाला माहीत नव्हतं.

तू घरी पोचल्यावर आठ दिवसांनी वहिनींचा फोन आला. रडून रडून आवाज बसलेला. “भाऊजी, तुमी सगळा केलास म्हणान तेंका घराक येवक गावला.” मग, “एक इचारू? ता पुस्तक छापून इला काय?”

“कुठलं, वहिनी?”

“हे सांगी होते, मास्तर पुस्तक लिवता, तेच्यात मामंजींचा नाव येतला. वाडीत सगळ्यांका सांगून ठेवल्यानी.”

मी विचारलं, हे कधी सांगितलं त्याने.

“एतवारी. शेवटचो फोन तोच.”

शनिवारी आपण भांडलो होतो. रविवारी तू घरी सांगितलंस की नाव येणार.

मी फोनवर होतो म्हणून वहिनींना माझा चेहरा दिसला नाही. “येतला ना भाऊजी?” त्यांनी पुन्हा विचारलं. मी “हो” म्हणालो. पडताळणी न करता मी दिलेलं ते आयुष्यातलं पहिलं उत्तर असेल.

तरी सवय जात नाही. ईदनंतर मी याकूबला म्हणालो, एकदा काउंटर खालून पाहू या. सुतार कधी कधी खडूने नाव लिहितात, तारीख घालतात. पब पुन्हा उघडलाच नव्हता. फळ्यांवर धूळ बसायला लागली होती. याकूब पांढऱ्याशुभ्र, पायघोळ दिशदाशासकट जमिनीवर आडवा झाला, मी नको नको म्हणत असताना, आणि मोबाइलचा दिवा लावून इकडून तिकडे सरकत गेला.

“सर, कुछ नहीं है. सिर्फ़ धूल. और किसी का च्युइंगम.”

“ठीक से देखो.”

“देखा सर. दो बार देखा.” तो उठला, अंग झटकलं. मी त्याला विचारलं, तुझे आजोबा काय म्हणायचे? “दादा बोलते थे लंडन से आया. लेकिन दादा तो बहुत कुछ बोलते थे.” मग माझ्याकडे बघून गंभीरपणे, “चाचा क्या बोलते थे?”

मी त्याला सांगितलं. तो काउंटरच्या आत गेला, तू उभा राहायचास तिथे, आणि दोन्ही कोपरं टेकवून उभा राहिला. “सर, आप जो लिखेंगे वही छपेगा,” एवढंच म्हणाला. मला ते ओझं झालं. त्याने ‘नाही, पुरावा आणा’ म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी मी बसलो. घरात सगळे बाहेर गेले होते. तुझा सतरावा निरोप पुन्हा ऐकला. आतापर्यंत मी तो नेहमी माहितीसाठी ऐकला होता: कुठल्या वर्षी, कुठलं हॉटेल, ठेकेदार कोण. आज तुझ्यासाठी ऐकला. तू वडिलांचं ते उंच टेबल सांगताना मधेच हसतोस. घरातले हसले होते ना, तसंच, त्यांच्यातलाच एक होऊन. मग एकदम थांबतोस आणि म्हणतोस, “माका तेवा तेच्यार इस्वास नाय होतो, मास्तर. मी पण हसललंय.” हे वाक्य मी टाइप केलं होतं. क्रमांक दिला होता. वाचलं नव्हतं. तुला त्या पुस्तकात वडिलांचं नाव का हवं होतं, हे त्यात सगळं होतं आणि मी ठेकेदाराचं पत्र मागत बसलो.

मजकूर इंग्रजीत आहे, तुला मराठीत सांगतो. मेनूकार्डाची गोष्ट मी काढलेली नाही. तळटिपेत नेली: ‘एका जुन्या मेनूकार्डावर काउंटर इंग्लंडहून आणल्याचं छापलं आहे, ते कोणी लिहिलं हे कळत नाही.’ वरच्या मजकुरात अशी ओळ आहे: ‘काउंटर भिकाजी मेस्त्री या कोकणातल्या सुताराने इथेच, याच तळघरात, सागवानात केला. ही माहिती त्यांचे चिरंजीव आणि या पबचे हेड बारमन दत्ताराम मेस्त्री यांनी दिली.’ समास कोरा आहे.

हे खरं आहे का, मला ठाऊक नाही. कदाचित ते उंच टेबल दुसऱ्याच हॉटेलात असेल, कधीच मोडून गेलं असेल. माझे वडील असते तर त्यांनी मला विचारलं असतं, आधार काय? मी त्यांना तुझं नाव सांगितलं असतं. ते त्यांना पुरलं असतं की नाही, तेही ठाऊक नाही. मला पुरतं.

याकूबने विचारलं होतं, लेखक म्हणून काय घालू, ‘सर’ चालेल का? मी नको म्हणालो. जे मी स्वतः पाहिलेलं नाही, त्याच्याखाली आजवर कधी सही केली नव्हती. ही केली आहे. शेवटच्या पानावर माझं पूर्ण नाव आहे, मधे वडिलांच्या नावासकट.